सातासमुद्रापलीकडची भिशी

माझी सारी नोकरी बँकेत गेली. निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाली, तरी एक खोड काही जात नाही. कुणी वहीत आकडे मांडताना दिसलं, की मान आपोआप तिकडे वळते. २०२३ च्या जूनमध्ये दक्षिण लंडनला मुलीकडे राहायला गेलो होतो, तेव्हाही तेच झालं.

मुलीच्या घराला लागून एक जमेकन बाई राहतात. वय ऐंशीच्या पुढे, पण पाठ ताठ. माझी मुलगी त्यांना ‘आंटी’ म्हणते. मला वाटलं, ही आपली भारतीय सवय. पण त्यांच्याकडेही वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत, हे मागाहून कळलं. एके सकाळी परसातल्या कुंपणाशी खुर्ची टाकून त्या एका शाळकरी वहीत काही लिहीत होत्या. डावीकडे नावांची उभी रांग, पुढे रकाने, रकान्यांत बरोबरच्या खुणा. मला राहवलं नाही. “कसला हिशेब?” म्हणून विचारलं.

“पार्डनर,” त्या म्हणाल्या. मग माझ्या चेहऱ्यावरचं प्रश्नचिन्ह पाहून त्यांनी समजावून सांगितलं. वीस जणी दर आठवड्याला ठरलेली रक्कम देतात. त्या हप्त्याला ‘हँड’ म्हणायचं. जमलेली सगळी रक्कम पाळीपाळीनं एकेकीला मिळते, तो ‘ड्रॉ’. आणि वही सांभाळणारी, पैसे गोळा करणारी, कुणाची नड मोठी आहे ते पाहून पाळी पुढेमागे करणारी जी बाई, तिला म्हणायचं ‘बँकर’.

मी हसू लागलो. त्या जरा रागावल्याच. मी म्हटलं, “बाई, हसतोय ते वेगळ्याच कारणानं. माझी आई आयुष्यभर हेच करत होती. आमच्याकडे याला भिशी म्हणतात.”

“मग तुमची आईपण बँकर होती म्हणा की,” त्या म्हणाल्या. “तुम्ही?”

मीही बँकेतच होतो, असं सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, “तुम्ही दुसऱ्या जातीचे बँकर. आम्हांला दारातून परत पाठवणारे.”

हे बोलणं सहज होतं, त्यात विखार नव्हता. पण ते वाक्य मी परत येताना बरोबर घेऊन आलो आणि आजच्या या लेखाचं मूळ तेच आहे.

भिशीच्या या जमेकन बहिणीची वंशावळ फार लांबची आहे. पश्चिम आफ्रिकेत, आजच्या नायजेरियातल्या योरुबा लोकांत ‘एसुसु’ नावाची अशीच पद्धत आहे. गुलाम म्हणून धरून अटलांटिकपार नेलेल्या माणसांबरोबर सामान म्हणून काही नव्हतं. अंगावरचं वस्त्र, देव, भाषा, नावसुद्धा हिरावून घेतलं गेलं. पण चार जणांनी मिळून नड कशी भागवायची, ही रीत डोक्यात होती. ती कुणाला काढून घेता आली नाही. त्रिनिदादमध्ये ती ‘सूसू’ झाली, बार्बाडोसमध्ये ‘मीटिंग टर्न’, गयानात ‘बॉक्स हँड’ आणि जमेकात ‘पार्डनर’. मग १९४८ नंतर ती दुसऱ्यांदा समुद्र ओलांडून लंडनला आली. दोन समुद्र आणि साडेतीनशे-चारशे वर्षं एवढा प्रवास करून आलेली वही मी त्या सकाळी पाहत होतो.

१९४८ चा उल्लेख केला तो ‘एम्पायर विंडरश’ या बोटीमुळे. ही मूळची जर्मन प्रवासी बोट, महायुद्धात ब्रिटिशांच्या हाती लागलेली. त्या वर्षी मे महिन्यात ती जमेकात किंग्स्टनला लागली. बोटीवर जागा होत्या, आणि २८ पौंडांत विलायत अशी जाहिरात तिथल्या वर्तमानपत्रात झळकली होती. २२ जून १९४८ रोजी टिलबरी बंदरात हजाराच्या वर माणसं उतरली, त्यांतली आठशेंहून अधिक कॅरिबियन बेटांतली. कित्येक जण महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलात नोकरी करून आलेले. ज्यांची राहायची सोय नव्हती अशा दोनशेंवर माणसांना क्लॅपममधल्या खोल भुयारी आसऱ्यात ठेवलं, जिथे युद्धात बाँबहल्ल्याच्या वेळी लोक लपत. तिथून जवळची सरकारी रोजगार कचेरी ब्रिक्स्टनची. माणसं काम शोधायला ब्रिक्स्टनला गेली, तिथेच खोल्या शोधू लागली आणि ब्रिक्स्टन हे कृष्णवर्णीयांचं लंडन झालं. वस्त्या अशाच होतात. गिरणगावही काही कुणी नकाशा काढून वसवलं नव्हतं.

ही माणसं घुसखोर नव्हती. त्याच वर्षी ब्रिटनने केलेल्या कायद्याने वसाहतींतल्या माणसाला ब्रिटनमधल्या माणसासारखंच नागरिकत्व दिलं होतं. देशाला हात हवे होते. लंडनच्या वाहतूक मंडळाने तर १९५६ पासून थेट बार्बाडोसला जाऊन माणसं भरती केली. नव्यानं सुरू झालेल्या सरकारी आरोग्यसेवेला परिचारिका हव्या होत्या. आमच्या शेजारीणबाई त्यांतल्याच. १९६० साली, अठराव्या वर्षी आल्या. त्या काळी परिचारिकेचे दोन अभ्यासक्रम असत, एक तीन वर्षांचा नोंदणीकृत परिचारिकेचा, दुसरा दोन वर्षांचा दुय्यम. बेटांवरून आलेल्या कित्येक मुलींना नीट न सांगता दुसऱ्यात घातलं गेलं. त्या शिक्षणाला मायदेशी मान्यता नव्हती, म्हणजे परतीची वाट तिथेच अर्धी बुजली. शेजारीणबाईंना हे दुसऱ्या वर्षी कळलं. “पाच वर्षं काम करायचं, पैसे साठवायचे आणि परत जायचं, असं सगळ्यांचंच ठरलेलं होतं,” त्या म्हणाल्या. हे वाक्य ऐकून माझी मुलगी खाली बघू लागली. तिचं ‘दोनच वर्षं, बाबा’ या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली आहेत.

राहायचं कुठे, हा पहिला प्रश्न. ‘काळ्यांना जागा नाही’ अशा अर्थाच्या पाट्या खिडक्यांत लागत. ज्या पाटी लावत नसत त्या घरमालकिणी दार उघडून ‘आत्ताच गेली हो खोली’ असं गोड आवाजात सांगत. जे जागा देत, ते एका खोलीत चार-पाच जण कोंबून वाट्टेल ते भाडं घेत. यावर उपाय एकच, स्वतःचं घर. पण घराला कर्ज हवं, आणि कर्ज देणाऱ्या संस्था अशा गिऱ्हाइकाकडे संशयानं पाहत. तेव्हा पार्डनर उभी राहिली. शेजारीणबाईंचा नवरा रेल्वेत होता. १९६४ साली त्यांच्या ‘बँकर’ बाईनं त्यांची पाळी आधी लावली, दुसऱ्या दोघींनी आपली पाळी मागे घेतली. त्यातून घराची सुरुवातीची रक्कम उभी राहिली. घर मोडकळीला आलेलं, वरच्या मजल्यावर आणखी दोन कुटुंबं भाड्यानं ठेवली आणि फेड झाली. एकाच्या घरातून दुसऱ्याचं घर, दुसऱ्याच्या घरातून तिसऱ्याचं. ना तारण, ना जामीन, ना नोटरी. बुडवलं कुणी? त्यांच्या वहीत साठ वर्षांत दोघांनी. आमच्या शाखेचा थकबाकीचा तक्ता मला आठवला आणि मी गप्प बसलो.

आठवली ती आणखी एक गोष्ट. १९८९ चं साल असेल. उपनगरातल्या एका शाखेत मी कर्जविभाग सांभाळत होतो. स्टेशनबाहेर भाजी विकणाऱ्या एक बाई आल्या. दहा बाय बाराची खोली घ्यायची होती, थोडं कर्ज हवं होतं. उत्पन्नाचा पुरावा विचारला, तर त्यांनी पिशवीतून भिशीची वही काढली. अकरा वर्षांच्या नोंदी, एकही हप्ता चुकलेला नाही. मी ती वही चाळलीसुद्धा नाही. “हे चालत नाही,” म्हटलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. नियमाप्रमाणे माझं बरोबर होतं. पण त्या बाईंच्या अंगावर इस्त्रीची साडी असती आणि बोलणं जरा वेगळं असतं, तर मी वही तरी उघडली असती. मी तेव्हा कुठल्या ‘जातीचा बँकर’ होतो, हे कळायला मला चौतीस वर्षं आणि लंडनचा प्रवास लागला.

परदेशात राहणं म्हणजे काय, याबद्दल आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक, पोरं कशी डॉलर-पौंड कमावतात याचा; दुसरा, मातीला कशी पारखी झाली याचा. मधली गोष्ट कुणी सांगत नाही. माणूस परक्या गावात स्वतःला लागेल तेवढं गाव नव्यानं बांधतो, आणि ते बांधताना जे हाताशी असेल ते वापरतो.

शेजारीणबाईंची पुढची खोली पाहिली तेव्हा हे पटलं. त्या पिढीच्या कॅरिबियन घरांतली ‘फ्रंट रूम’ इतकी ठरलेली असे, की लंडनच्या एका संग्रहालयात आता ती कायमची मांडून ठेवली आहे. क्रोशाचे रुमाल, तेही खळ घालून ताठ उभे केलेले. प्लास्टिकची फुलं. येशूच्या शेवटच्या भोजनाची तसबीर. भला मोठा रेडिओग्राम. काचेच्या कपाटात कधीच न वापरलेले पेले. आणि मुलांना आत जायची बंदी! ही खोली मी यापूर्वी पाहिली होती. फक्त तसबीर दत्ताची होती आणि गाव सातारा होतं. बाहेर ज्याला दिवसभर कुणी ‘या’ म्हणत नाही, तो घरात एक खोली अशी ठेवतो, की तिथे बसल्यावर तो स्वतःच यजमान असतो.

तेच मरणाचं. जमेकन माणसांत कुणी गेलं की नऊ रात्री माणसं जमतात. गाणी, डॉमिनो, तळलेले मासे, रम, गेलेल्याच्या गोष्टी. नवव्या रात्री आत्म्याला निरोप. लंडनच्या थंडीत, सकाळी सहाच्या पाळीला जायचं असताना, या लोकांनी ‘नाइन नाइट’ सोडली नाही. आपल्या मुलांना तिकडे दहावा-बारावा एका शनिवारी उरकावा लागतो, तेव्हा हे सांगावंसं वाटतं की सोय बघावीच, पण माणसं जमणं सोडू नये.

आणि मुलांच्या शाळा. साठीच्या दशकात कॅरिबियन मुलांना मोठ्या प्रमाणात मंदबुद्धींच्या शाळांत घातलं जात होतं, कारण त्यांची बोली शिक्षकांना कळत नव्हती. १९७१ मध्ये ग्रेनाडाच्या बर्नार्ड कोअर्ड या तरुण शिक्षकाने छोटं पुस्तक लिहून हे उघड केलं. जॉन ला रोझ या त्रिनिदादच्या कवीने १९६६ मध्ये पुस्तकांचं दुकान आणि प्रकाशन सुरू केलं होतंच. पालकांनी चर्चच्या मागच्या खोल्यांत, कुणाच्या स्वयंपाकघरात शनिवारच्या शाळा काढल्या. गणित, इंग्रजी आणि आपला इतिहास. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे, आणि ठिकठिकाणच्या मंडळांत मराठीचे वर्ग भरतात. पण आपल्या वर्गांत मूल आजीशी बोलावं म्हणून जातं. त्यांच्या शाळेत ते ‘तू मंद नाहीस’ हे ऐकायला जात होतं. हा फरक लहान नाही.

या सगळ्यात आनंदही होता, हे विसरून चालणार नाही. ‘विंडरश’वर लॉर्ड किचनर या टोपणनावाचा त्रिनिदादचा कॅलिप्सो गायक होता. बोटीवरून उतरताउतरता त्याने कॅमेऱ्यासमोर लंडनवर गाणं म्हटलं, ते चित्रण आजही पाहायला मिळतं. दोनच वर्षांनी, १९५० च्या जूनमध्ये, वेस्ट इंडीजने लॉर्ड्सवर इंग्लंडला ३२६ धावांनी हरवलं. इंग्लंडमधला त्यांचा हा पहिला कसोटी विजय. रामाधीन आणि व्हॅलेंटाइन या दोन कोवळ्या फिरकी गोलंदाजांनी मिळून अठरा बळी घेतले. सॉनी रामाधीन हा त्रिनिदादला ऊसमळ्यांवर नेलेल्या भारतीय गिरमिटियांच्या कुळातला. खेळ संपताच प्रेक्षक गिटार घेऊन मैदानात उतरले आणि लॉर्डसच्या हिरवळीवर कॅलिप्सो घुमला. ज्यांना आदल्या दिवशी खोली नाकारली होती, त्यांनी त्या दिवशी साहेबाच्या देवळात नाच केला. आपल्याला हा गानप्रकार परका नाही. १९७१ साली आपल्या सुनील गावसकरने पहिल्याच मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा काढल्या, तेव्हा त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटरने त्याच्यावर कॅलिप्सो रचला. हरवणाऱ्या पाहुण्याचं गाणं करणारी ही संस्कृती आहे.

त्यांचा जगप्रसिद्ध कार्निव्हलही गमतीतून जन्मलेला नाही. १९५८ च्या ऑगस्टअखेर नॉटिंग हिल भागात गोऱ्या टोळ्यांनी कृष्णवर्णीयांवर हल्ले केले. क्लॉडिया जोन्स ही त्रिनिदादमध्ये जन्मलेली, न्यू यॉर्कच्या हार्लेममध्ये वाढलेली, कम्युनिस्ट म्हणून १९५५ मध्ये अमेरिकेने हद्दपार केलेली पत्रकार तेव्हा ब्रिक्स्टनमधून ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ काढत होती. दंगलीनंतर सगळे निषेधसभांच्या गोष्टी करत असताना तिने ठरवलं, की आता आपण गायचं आणि नाचायचं. ३० जानेवारी १९५९ ला, भर हिवाळ्यात, सेंट पँक्रसच्या नगरसभागृहात तिने बंदिस्त कार्निव्हल भरवला. त्याच वर्षी मे महिन्यात केल्सो कॉक्रेन या अँटिगाच्या तरुण सुताराचा रस्त्यात खून झाला; त्याच्या अंत्ययात्रेला हजाराच्या वर माणसं, काळी आणि गोरीही, चालली. १९६६ मध्ये नॉटिंग हिलच्याच रस्त्यावर मुलांसाठी जत्रा भरली, स्टीलबँडवाले वाजवतवाजवत रस्त्यावर निघाले आणि लोक मागोमाग चालू लागले. आज ऑगस्टअखेर तिथे लाखो लोक लोटतात. तेलाची रिकामी पिंपं ठोकून सूर काढणारं हे वाद्य त्रिनिदादचं. त्याआधी साहेबानं ढोल वाजवायला बंदी केली तेव्हा त्यांनी बांबू आपटून ताल धरला होता. टाकाऊ पिंपातून सप्तक काढणाऱ्या लोकांना ‘आळशी’ म्हणणारे आपले काही अनिवासी बांधव मी भेटलो आहे.

इथे मला मूळ मुद्द्यावर यायचं आहे. आपल्या मुलांना परदेशात आज जी मानाची जागा मिळते, तिच्या पायात या लोकांची हाडं आहेत. हे अलंकारिक नाही, त्याला तारखा आहेत.

ब्रिस्टल शहरात बसकंपनी कृष्णवर्णीयांना वाहक-चालक म्हणून घेत नसे. १९६३ मध्ये गाय बेली या अठरा वर्षांच्या जमेकन मुलाची मुलाखत, तो कृष्णवर्णीय आहे हे कळताच रद्द झाली. पॉल स्टीफन्सन, रॉय हॅकेट आणि त्यांच्या मित्रांनी बसवर बहिष्कार पुकारला. चार महिन्यांनी कंपनी नमली. तो दिवस होता २८ ऑगस्ट १९६३, ज्या दिवशी वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते अमर भाषण झालं, नेमका तोच. आणि त्या लढ्यानंतर त्या बसवर पहिला गौरेतर वाहक म्हणून कोण चढला? रघबीर सिंग नावाचा शीख. लढले जमेकन आणि पहिली नोकरी मिळाली भारतीयाला! यात वावगं काही नाही. लढा सर्वांसाठीच होता. पुढे १९६५ मध्ये वर्णभेदाविरुद्धचा पहिला कायदा झाला, १९६८ मध्ये घर आणि नोकरी त्याच्या कक्षेत आली. माझ्या मुलीला ज्या कायद्यामुळे कुणी तोंडावर घर नाकारू शकत नाही, तो कायदा हा. अमेरिकेतही तेच. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याने जी हवा तयार केली, तिच्यातच १९६५ चा स्थलांतराचा कायदा झाला, वंशावर बेतलेले कोटे गेले आणि आपल्या डॉक्टर-इंजिनिअरांना दार उघडलं. या नात्याची जाण बाबासाहेबांना फार आधी होती. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकन कृष्णवर्णीयांचे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे नेलेल्या त्यांच्या निवेदनाची प्रत मागितली होती. १९७२ मध्ये मुंबईत तरुणांनी ‘दलित पँथर’ हे नाव उगाच घेतलं नव्हतं. जाण नव्हती ती आमच्यासारख्यांना.

आता कागदाची गोष्ट. बँकेच्या माणसाला ती टाळता येत नाही.

मी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो. समोर उभा असताना जिवंत असल्याचा पुरावा देण्याचा प्रकार विनोदी आहे, पण पाच मिनिटांचा आहे. लंडनमध्ये हाच प्रकार माणसांचं आयुष्य खाऊन गेला. १९७३ च्या आधी येऊन स्थायिक झालेल्या राष्ट्रकुलाच्या नागरिकांना कायद्यानं राहण्याचा हक्क होता. पण त्याचा कागद कुणाला दिला नव्हता. कित्येक जण लहानपणी आईबापांच्या पासपोर्टवर आलेले, त्यांच्या नावाची स्वतंत्र नोंद नाही. होती ती बंदरात उतरतानाची कार्डं. ती जुनी रद्दी म्हणून २०१० मध्ये नष्ट करण्यात आली. आणि २०१२ पासून सरकारने बेकायदा राहणाऱ्यांचं जगणं अवघड करायचं धोरण आखलं. घरमालक, मालक, रुग्णालय, बँक, सगळ्यांनी कागद तपासायचे. चाळीस-पन्नास वर्षं कर भरलेल्या माणसांना प्रत्येक वर्षाचा पुरावा मागितला गेला. नोकऱ्या गेल्या, घरं गेली, कर्करोगाचे उपचार अडले. किमान ८३ जणांना चुकीनं देशाबाहेर काढलं गेल्याचं नंतर निघालं. २०१८ मध्ये वर्तमानपत्रांनी हे लावून धरलं, तेव्हा पंतप्रधानांना माफी मागावी लागली आणि गृहमंत्री अँबर रड यांनी राजीनामा दिला. २०१९ मध्ये भरपाईची योजना आली. ती हाती पडायच्या आत काही जण वारलेसुद्धा.

जुनं दप्तर निकालात काढण्याच्या यादीवर मीही अनेकदा सही केली आहे. पण खातं चालू असलेल्या गिऱ्हाइकाची सही जाळून टाकून मग त्यालाच ‘सही जुळत नाही’ म्हणणं, याला आमच्या धंद्यात दुसरा शब्द आहे. शेजारीणबाईंनी मला एक पत्र्याचा डबा दाखवला. १९६० पासूनच्या पगाराच्या चिठ्ठ्या, भाड्याच्या पावत्या, चर्चची पत्रकं. “लोक हसायचे मला,” त्या म्हणाल्या. “माझ्या बहिणीकडे असा डबा नव्हता.” बहिणीचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलांना मी हे घाबरवायला सांगत नाही. पण ‘आपण वेगळे, आपण शिकलेले, आपल्याला कुणी काही करणार नाही’ या भ्रमात राहू नये, म्हणून जरूर सांगतो. विंडरशची माणसंही स्वतःला ब्रिटिशच समजत होती.

आणि शेवटी आपल्या घराची गोष्ट, जी सांगायची लाज वाटते. मुलीनं हे घर घेतलं तेव्हा मीच पुण्याहून फोनवर म्हटलं होतं, “त्या भागात काळ्यांची वस्ती आहे म्हणे, जरा विचार करा.” ती म्हणाली होती, “बाबा, त्यांना तुम्ही कोण दिसाल?” मी तो विषय बदलला होता.

त्याच्या आधीची गोष्ट अधिक वाईट. २०१६ मध्ये आमच्या सोसायटीतल्या एका सदस्यानं आपला फ्लॅट दोघा आफ्रिकन विद्यार्थ्यांना द्यायचं ठरवलं. पुण्यात आफ्रिकेतली मुलं वर्षानुवर्षं शिकायला येतात. सभेत कुजबुज झाली. कुणी थेट काही म्हणालं नाही. ‘आपल्याकडे लहान मुलं आहेत’, ‘त्यांचं जेवणखाण वेगळं’, ‘रात्रीबेरात्री…’ मग ठराव झाला, अविवाहितांना जागा देऊ नये. वरच्या मजल्यावर नागपूरचे तीन अविवाहित इंजिनिअर तेव्हाही राहत होते, आजही राहतात. मी खजिनदार होतो. इतिवृत्त माझ्या अक्षरात आहे. भाषा निर्दोष आहे, एकही काळा शब्द त्यात नाही. लंडनच्या घरमालकिणीचा तो गोड आवाज माझ्याच दौतीतून उतरला होता.

आपल्याकडे आफ्रिका काल आलेली नाही. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. जमीनमहसुलाची त्याची पद्धत शाळेत आपण घोकली आहे. जंजिऱ्याचे सिद्दी तर आपल्या इतिहासाच्या पानापानांवर आहेत. पुस्तकातला हबशी आपल्याला चालतो. जिन्यातला चालत नाही.

लंडनहून निघायच्या आदल्या दिवशी शेजारीणबाईंनी मला त्यांच्या वहीत शेवटच्या ओळीत एक नाव दाखवलं. माझ्या मुलीचं. गेली तीन वर्षं ती त्या पार्डनरमध्ये आहे, हे मला माहीतच नव्हतं. मी विचारलं, “हिला कशाला हवी? हिचं बँकेत खातं आहे, पगार आहे.” बाई म्हणाल्या, “पैशासाठी नाही. दर शुक्रवारी हप्ता द्यायला येते, तेव्हा मला कळतं की ती ठीक आहे.”

परत आल्यावर मी जुनं इतिवृत्त काढून पुन्हा वाचलं. मग सोसायटीच्या सचिवांना पत्र दिलं, की २०१६ चा तो ठराव रद्द करावा आणि तो रद्द करण्याचं कारण इतिवृत्तात स्पष्ट शब्दांत लिहावं. पहिल्या सभेत विषय वेळेअभावी पुढे ढकलला गेला. दुसऱ्या सभेत गणपूर्ती झाली नाही. दोघा-तिघांनी जिन्यात भेटून “साहेब, आता कशाला जुनं उकरून काढता?” असं प्रेमानं विचारलं. त्यांचं चुकत नाही. मीही त्यांच्यातलाच होतो.

पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय चौथ्या क्रमांकावर आहे. मी लवकर जाऊन पुढच्या खुर्चीवर बसणार आहे.